रोजच्या कामात एआय असिस्टंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दिवसभर मेल, तक्ते, अहवाल आणि मीटिंगांमध्ये अडकलेल्या माणसांचे आहेत. प्रोग्रॅमिंग येत नाही, शिकायचंही नाही, पण हातातलं काम नीट आणि वेळेत व्हावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच कसोटी आहे. काम झाल्यावर ते बरोबर आहे की नाही हे तुम्ही स्वतः सांगू शकत असाल, तर ते असिस्टंटला द्या. सांगू शकत नसाल, तर देऊ नका.

एआय असिस्टंट म्हणजे नक्की काय? गूगलवर शोधतो त्यापेक्षा यात वेगळं काय?

सर्च इंजिन कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली पानं शोधून देतं. असिस्टंट तुमच्या सूचनेवरून नवा मजकूर तयार करतो. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं. त्यांच्या आत भाषेचं एक मॉडेल असतं. ते अफाट मजकुरावर शिकवलेलं असतं आणि आतापर्यंतच्या मजकुरापुढे काय येण्याचा संभव आहे याचा अंदाज घेत तुकड्या-तुकड्याने लिहीत जातं. ज्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर ही मॉडेलं उभी आहेत ती गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. सर्वसामान्य माणसाच्या हातात हे तंत्रज्ञान खऱ्या अर्थाने आलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी खुलं झाल्यावर.

एवढं तांत्रिक सांगायचं कारण असं, की यातूनच त्याची ताकद आणि त्याची कमजोरी दोन्ही कळतात. मसुदा लिहिणं, लांबलेलं आटोपशीर करणं, सूर बदलणं, विस्कळीत टिपणं मार्गी लावणं यात तो पटाईत आहे. नेमकी तारीख, नियमाचं कलम, कुणाचं तरी नेमकं विधान हे आठवून सांगण्यात मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही. हल्लीचे असिस्टंट इंटरनेटवर शोधून दुवेही देतात. दुवा दिला असेल तर तो उघडून वाचावा. दुवा खरा असतो आणि त्याच्या आधारे केलेलं विधान मात्र त्या पानावर नसतं, असंही होतं.

सुरुवात कुठल्या कामापासून करू?

आज करायच्याच असलेल्या आणि तुम्हाला चांगल्या येणाऱ्या कामापासून. बहुतेक जण उलटं करतात. जे स्वतःला अजिबात येत नाही ते आधी विचारतात, उत्तर छान वाटतं, आणि ते बरोबर आहे का हे कळायला काहीच मार्ग नसतो. त्याऐवजी रोज लिहिता तसा एखादा मेल द्या, स्वतः लिहिलेल्या अहवालाचा सारांश करायला सांगा. तुम्हाला विषय माहीत असतो, त्यामुळे तो कुठे नेमकं बोलतो आणि कुठे नुसतं गोलगोल लिहितो हे लगेच दिसतं. हा अंदाज आला की पुढे अनोळखी विषयातही त्याचं बोलणं कितपत घ्यायचं हे कळू लागतं.

प्रॉम्प्ट लिहायला काही खास पद्धत लागते का? इंटरनेटवर 'जादुई प्रॉम्प्ट'च्या याद्या मिळतात, त्या वापराव्यात का?

प्रॉम्प्ट म्हणजे असिस्टंटला लिहून दिलेली सूचना. त्या याद्यांच्या नादी लागू नका. चांगला प्रॉम्प्ट म्हणजे नवीन रुजू झालेल्या हुशार सहकाऱ्याला काम समजावून सांगावं तसं सांगणं. तो हुशार आहे, पण तुमचं ऑफिस, तुमची माणसं, आधी काय घडलं यातलं त्याला काहीच ठाऊक नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. "माल उशिरा आल्याबद्दल पुरवठादाराला मेल लिही" एवढंच सांगितलं, तर कुठल्याही कंपनीने कुठल्याही पुरवठादाराला पाठवावा असा मेल येतो. सुरुवातीला औपचारिक नमस्कार, मध्ये "झालेल्या विलंबामुळे आमच्या कामकाजावर परिणाम होत आहे", शेवटी सहकार्याची अपेक्षा. आता हेच असं सांगा:

"हा पुरवठादार आमच्याकडे जुना आहे आणि एरवी वेळ पाळतो. या महिन्यात दोन खेपा उशिरा आल्या आणि दुसऱ्या खेपेत ४० नग कमी निघाले. कमी आलेले नग येत्या शुक्रवारपर्यंत हवेत, हे मेलमध्ये स्पष्ट झालं पाहिजे. संबंध बिघडायला नकोत, त्यामुळे धमकीची भाषा नको, पण आपण माफीही मागत नाही आहोत. १२० शब्दांच्या आत लिही, विषयाची ओळ दे. काही माहिती कमी पडत असेल तर लिहिण्याआधी मला विचार."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. त्यावर असिस्टंट विचारतो: ऑर्डर क्रमांक काय? उरलेले नग पाठवण्याचा वाहतूक खर्च कोण करणार? आधी फोनवर काही बोलणं झालं आहे का? वाहतूक खर्चाचा मुद्दा मेल लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेलाच नसतो, आणि पुढे वाद नेमका त्यावरूनच होतो. माझ्या मते असिस्टंटचा सर्वात कमी वापरला जाणारा गुण हाच आहे: त्याला प्रश्न विचारायला लावणं.

पहिलं उत्तर मनासारखं आलं नाही तर?

सोडून देऊ नका आणि "अजून चांगलं कर" असंही म्हणू नका. काय खटकलं ते सांगा: "दुसरा परिच्छेद काढ", "तिसरं वाक्य आरोप केल्यासारखं वाटतं, तेवढं बदल, बाकी तसंच ठेव." मात्र दोन-तीनदा सांगूनही गाडी रुळावर येत नसेल, तर तीच चॅट ओढत बसू नये. चॅटमधला सगळा मजकूर, त्यातल्या फसलेल्या आवृत्त्यांसकट, तो पुढच्या उत्तरासाठी विचारात घेत असतो. नवी चॅट उघडा आणि आतापर्यंत जे लक्षात आलं ते घालून सूचना पुन्हा लिहा. एका कामाला एक चॅट ही सवय चांगली. सकाळी रजेचा अर्ज, दुपारी विक्रीचा तक्ता आणि संध्याकाळी भाषण हे सगळं एकाच चॅटमध्ये चालवलं, की एकाचं दुसऱ्यात मिसळतं.

सूचना मराठीत द्याव्यात की इंग्रजीत?

ज्या भाषेत तुम्ही स्पष्ट विचार करता त्या भाषेत. मोडक्या इंग्रजीतल्या सूचनेपेक्षा स्वच्छ मराठीतली सूचना केव्हाही बरी. मराठी आणि इंग्रजी मिसळून बोललं तरी मोठे असिस्टंट समजून घेतात, आणि रोमन लिपीत टाइप केलेलं मराठीही त्यांना कळतं.

सुरुवातीच्या काळात मराठीची एक अडचण होती. मॉडेल मजकुराचे छोटे तुकडे पाडून वाचतं आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त पडायचे, त्यामुळे तेवढ्याच आशयाला जास्त जागा लागायची. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आणलं, तेव्हा त्यांनी दाखवलेल्या नमुन्यात मराठीचे तुकडे आधीच्या सुमारे एक तृतीयांशावर आले होते. तो प्रश्न आता बराच हलका झाला आहे.

राहिला प्रश्न भाषेच्या पोताचा, आणि इथे मी आग्रही आहे. असिस्टंटचं मराठी व्याकरणात बसतं, पण पुष्कळदा ते इंग्रजीतून किंवा हिंदीतून आल्यासारखं वाटतं. "हे सुनिश्चित करा", "सेवा प्रदान करते", "च्या माध्यमातून", "महत्त्वपूर्ण भूमिका बजावते" अशी वाक्यं दिसली की समजावं. लिहिणारी बाई असली तरी असिस्टंट "मी कळवतो" असं लिहून मोकळा होतो. एकाच पत्रात वर "आपण" आणि खाली "तुम्ही" येतं. यावर उपाय आहे. तुमच्याच हातची दोन जुनी पत्रं त्याला नमुना म्हणून द्या, कुणाला लिहायचं आहे आणि नातं काय आहे ते सांगा, नको असलेले शब्द नावानिशी सांगा. "मी स्त्री आहे, क्रियापदं त्याप्रमाणे वापर" हेही स्पष्ट सांगावं लागतं. एवढं केलं की फरक पडतो. तरीही शेवटी मजकूर एकदा मोठ्याने वाचावा. मराठी वाक्य चुकलं असेल तर ते डोळ्यांआधी जिभेला कळतं.

माझी जुनी मराठी फाइल दिली तर तो काहीतरी भलतंच वाचतो. असं का?

ती फाइल बहुधा कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. पडद्यावर तुम्हाला मराठी अक्षरं दिसतात, पण फाइलच्या आत साठवलेली असतात दुसऱ्याच चिन्हांची ओळ. फॉन्टमुळे ती मराठीसारखी दिसते. असिस्टंटला फॉन्ट दिसत नाही, आतली चिन्हं दिसतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहा. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच. तिथे अक्षरांचं चित्र असतं आणि असिस्टंट ते चित्र वाचतो, म्हणून आकडे आणि नावं नजरेखालून घालणं भाग आहे.

तो इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं का सांगतो?

कारण शोभेल असं वाक्य लिहिणं आणि खरं वाक्य लिहिणं या त्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या क्रिया नाहीत. माहिती असली काय आणि नसली काय, वाक्याचा डौल तोच राहतो. माणूस अडखळला की आपण सावध होतो. तो अडखळत नाही.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले जुने निकाल दाखले म्हणून जोडले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. या प्रकरणातला शिकण्यासारखा तपशील वेगळाच आहे. त्यांच्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे खटले खरे आहेत का, आणि उत्तर आलं होतं की हो, खरे आहेत. म्हणजे "नक्की ना?" असं त्यालाच विचारणं म्हणजे तपासणं होत नाही. तपासायचं ते बाहेर: मूळ कागद, अधिकृत संकेतस्थळ, त्या विषयातला माणूस.

चुका कुठे जास्त होतात हेही ठरलेलं आहे. नावं, तारखा, कलमं, टक्केवारी, संदर्भ, नुकत्याच बदललेल्या गोष्टी आणि तुमच्या संस्थेपुरते असलेले नियम. मसुदा हातात आला की या जागांवर आधी बोट ठेवा.

सगळं तपासतच बसायचं असेल तर वेळ वाचला कुठे?

रास्त प्रश्न आहे, आणि काही कामांत खरोखरच वाचत नाही. जुलै २०२५ मध्ये मीटर (METR) या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ते स्वतःच्याच, नीट माहीत असलेल्या प्रकल्पांवर काम करत होते. एआय वापरायची मुभा असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपला वेळ सुमारे २० टक्के वाचला. नुसत्या वाटण्यावर जाऊ नये, याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. प्रयोग लहान होता आणि साधनं झपाट्याने बदलतात, तरी एखाद्या आठवड्यात दोन-तीन नेहमीची कामं घड्याळ लावून, असिस्टंटसह आणि असिस्टंटशिवाय, करून पाहायला हरकत नाही.

कोरं पान भरणं, सूर बदलणं, मांडणी बदलणं या कामांत तपासणं स्वस्त पडतं, कारण आशय तुमचाच असतो. वाचता वाचता चूक दिसते. जिथे आशयही त्याचाच असतो तिथे तपासणं महाग पडतं. त्या दुसऱ्या प्रकारच्या कामात वेळ वाचल्याचा आनंद करण्याआधी थोडं थांबावं.

चाळीस पानी अहवालाचा सारांश करून घेतला तर मूळ अहवाल वाचावा लागेल का?

सगळा नाही, पण काही भाग नक्की. सारांशात सर्वात आधी गळतात त्या अटी आणि अपवाद. "अमुक वगळून", "मंजुरीच्या अधीन राहून", "पहिल्या टप्प्यापुरतं" हे शब्द छोटे असतात आणि सगळा अर्थ त्यांच्यातच असतो.

म्हणून "सारांश दे" असं मोघम सांगू नका. तुम्ही कोण आणि तुम्हाला कशासाठी हवं ते सांगा: "मी खरेदी विभागात काम करतो. या धोरणामुळे माझ्या रोजच्या कामात काय बदलतं? प्रत्येक मुद्द्यापुढे पान क्रमांक आणि मूळ वाक्य जसंच्या तसं दे. अहवालात उत्तर नसेल तर 'अहवालात नाही' असं लिही." मूळ वाक्य मागितल्याने दोन गोष्टी साधतात. फाइलमध्ये ते वाक्य शोधून खात्री करता येते, आणि सापडलं नाही तर त्या मुद्द्याची पोल तिथेच उघडी पडते.

मीटिंगचं इतिवृत्त त्याच्याकडून लिहून घेतलं तर चालतं का?

चालतं, आणि याने खरंच मोठा भार हलका होतो. पण एक धोका आहे तो नीट समजून घ्या. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "पुढच्या तिमाहीत करायला हरकत नाही, पण आधी खर्चाचा आकडा येऊ दे." इतिवृत्तात येतं: "पुढील तिमाहीत अंमलबजावणी करण्याचा निर्णय घेण्यात आला." एकही शब्द पदरचा वाटत नाही, भाषा अगदी इतिवृत्ताला साजेशी, आणि जे ठरलंच नाही ते ठरल्याची कागदोपत्री नोंद झाली. महिन्याभराने त्यावरून दोन विभाग भांडतात.

बोलण्यातली "बघू", "हरकत नाही", "तत्त्वतः मान्य" ही भाषा असिस्टंट सपाट करून टाकतो. म्हणून त्याला आधीच तीन रकाने करायला सांगा: ठरलेलं, चर्चा झाली पण न ठरलेलं, आणि कुणी काय केव्हापर्यंत करायचं. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर ते ज्या वाक्यावरून काढलं ते वाक्य मागा. मग मीटिंगला हजर असलेल्या माणसाने तो पहिला रकाना वाचायचा. दुसरा रकाना रिकामा आला तर संशय घ्यावा. सगळंच ठरलं अशी मीटिंग विरळाच.

रेकॉर्डिंग किंवा ट्रान्स्क्रिप्ट (बोलण्याची शब्दशः लेखी नोंद) घेणार असाल तर हजर असलेल्या सगळ्यांना आधी सांगा.

एक्सेलच्या कामात कितपत उपयोग होतो?

भरपूर, पण मागायचं काय हे कळायला हवं. आकड्यांची रांग चॅटमध्ये चिकटवून "बेरीज कर" म्हटलं तर उत्तर चुकू शकतं, कारण मॉडेल तिथेही मजकूरच लिहीत असतं. काही असिस्टंट मागच्या बाजूला प्रोग्रॅम चालवून हिशेब करतात, ते जास्त भरवशाचं. सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच्याकडून सूत्र मागून घ्या आणि हिशेब एक्सेललाच करू द्या. सूत्र तुमच्या फाइलमध्ये राहतं, उघडून पाहता येतं आणि पुढच्या महिन्यातही चालतं.

सूत्र मिळाल्यावर उत्तर तोंडपाठ असलेल्या पाच-सहा ओळींवर ते चालवून पाहा. व्हीलुकअप (यादीत शोधून त्यापुढची माहिती आणून देणारं सूत्र) वापरत असाल तर सूत्राचा शेवटचा भाग नक्की पाहा. तिथे तंतोतंत जुळणी मागितली नाही तर एक्सेल जवळपासची जुळणी धरतं, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर काहीही त्रुटी न दाखवता चुकीचा आकडा आणून ठेवतं. तारखा मजकूर म्हणून साठवलेल्या असणं आणि नावांच्या शेवटी नकोशी मोकळी जागा असणं, या दोन गोष्टींनीही सूत्रं बिघडतात. "माझ्या तारखा मजकूर आहेत की तारखा, हे कसं ओळखू?" असं त्यालाच विचारा, नीट सांगतो. लाख-कोटीतून मिलियनमध्ये जाताना किंवा उलट येताना शून्यं स्वतः मोजा.

ऑफिसची माहिती त्यात टाकणं सुरक्षित आहे का?

आधी तुमच्या संस्थेचा नियम विचारा. नियम नसेल तर लेखी विचारून घ्या. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीमध्ये टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंधनं आणली. त्या कर्मचाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना काम लवकर उरकायचं होतं, आणि नेमक्या अशाच घाईत माहिती बाहेर जाते.

वैयक्तिक खातं आणि संस्थेने घेतलेलं खातं यात मोठा फरक असतो. संस्थांसाठीच्या योजनांमध्ये तुमचा मजकूर मॉडेल शिकवण्यासाठी वापरला जाणार नाही अशी अट साधारणपणे असते. वैयक्तिक खात्यात ती सेटिंग स्वतः शोधून बंद करावी लागू शकते. खातं उघडल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन हे पाहून घ्या.

आणि कुठलंही खातं असलं तरी पासवर्ड, बँक खात्यांचे तपशील, कुणाची वैद्यकीय माहिती, ग्राहकांचे फोन नंबर, जाहीर न झालेले आकडे हे आत जाऊ देऊ नका. नावांच्या जागी "ग्राहक अ", "कर्मचारी ब" लिहिलं तरी मसुदा तेवढाच चांगला होतो. खरी नावं नंतर तुमच्या फाइलमध्ये भरा.

चूक झाली तर जबाबदारी कुणाची?

ज्याच्या नावाने ते गेलं त्याची. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने (संकेतस्थळावर ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमने) एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे असा कंपनीचा युक्तिवाद फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या लवादाने फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

माझ्या प्रस्तावाबद्दल मत विचारलं की तो नेहमी 'उत्तम' म्हणतो. खरं मत कसं काढून घ्यायचं?

असिस्टंटचा कल समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याकडे असतो. एप्रिल २०२५ मध्ये हे इतकं वाढलं की ओपनएआयला आपली एक नवी आवृत्ती मागे घ्यावी लागली. तेव्हा "कसा वाटला?" हा प्रश्नच सोडून द्या. विचारा: "हा प्रस्ताव नाकारायचा असेल तर वरिष्ठ कुठली तीन कारणं देतील?" किंवा "यातला कुठला आकडा सर्वात कच्चा आहे?" प्रस्ताव तुमचा आहे हे सांगू नका. दुसऱ्या विभागाकडून आला आहे असं सांगितलं, तर तो बराच मोकळेपणाने बोलतो. त्याने काढलेल्या खोडीही सगळ्या खऱ्या नसतात, पण दहापैकी दोन जरी पटल्या तरी मीटिंगला जाण्याआधी त्या कळलेल्या बऱ्या.

मी नोकरीत नवीन आहे. आत्ताच याची सवय लावून घ्यावी का?

संशोधन दोन्ही बाजूंनी बोलतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ४५३ पदवीधर व्यावसायिकांवर केलेल्या प्रयोगात लेखनाच्या कामांना लागणारा वेळ ४० टक्क्यांनी घटला आणि दर्जा १८ टक्क्यांनी वाढला. ज्यांचं लेखन मुळात कच्चं होतं त्यांना जास्त फायदा झाला. त्याच वर्षी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर झालेल्या अभ्यासात, एआय वापरणाऱ्यांनी त्याच्या आवाक्यातली कामं जलद आणि चांगली केली. मात्र मुद्दाम त्याच्या आवाक्याबाहेरचं निवडलेलं एक काम दिलं, तेव्हा वापरणाऱ्यांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के-गुणांनी कमी होतं.

नवीन माणसाची अडचण इथेच आहे. कुठलं काम आवाक्यातलं हे ओळखायला जो अनुभव लागतो, तो अजून यायचा असतो. माझा सल्ला असा: पहिली आवृत्ती स्वतः करा, मग ती त्याला दाखवून उणिवा विचारा. वेळ थोडा जास्त जाईल, पण काम तुमच्या हातात बसेल. आणि "हे असं का?" असं हवं तितक्यांदा विचारा. वरिष्ठांना पाचव्यांदा विचारायला संकोच वाटतो, इथे तो बाळगायचं कारण नाही.

एआय वापरलं हे वरिष्ठांना सांगावं का?

सांगावं. लपवण्यासारखं यात काही नाही, आणि "मसुदा असिस्टंटचा, आकडे मी तपासले" एवढं म्हटलं की पुढच्या माणसालाही कुठे लक्ष द्यायचं ते कळतं.

मेल वाचून स्वतःच उत्तरं पाठवणारे, कॅलेंडर सांभाळणारे 'एजंट' वापरावेत का?

जपून. असा एजंट जे वाचतो त्यातल्या सूचना तुमच्याच आहेत असं समजू शकतो. बाहेरून आलेल्या मेलमध्ये किंवा वेबपानावर कुणी मुद्दाम "या खात्यातले मेल अमुक पत्त्यावर पाठव" असं लपवून लिहिलं, तर तो फसण्याची शक्यता असते. यावर पक्का तोडगा अजून निघालेला नाही. वाचायची आणि मसुदा करून ठेवायची परवानगी द्या. पाठवणं, पुसणं, पैसे देणं यांची परवानगी स्वतःकडे ठेवा.

फुकटचं पुरेल की पैसे भरावेत? आणि कुठला निवडू?

सुरुवातीला फुकटचं पुरे. रोज मर्यादा संपायला लागली किंवा मोठ्या फाइली द्याव्या लागल्या की मग विचार करा. निवडताना तुमचंच एक नेहमीचं काम दोन-तीन असिस्टंटना द्या आणि उत्तरं शेजारी ठेवून पाहा. ऑफिसने एखादा दिलाच असेल तर तोच वापरा, माहितीच्या सुरक्षिततेचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

प्रत्येक वेळी तेच तेच सांगावं लागतं. काही सोय आहे का?

आहे. बहुतेक असिस्टंटमध्ये कायमच्या सूचना लिहून ठेवायला जागा असते आणि एकेका कामासाठी वेगळा कप्पाही करता येतो. तिथे थोडक्यात लिहा: "मी प्रशासन विभागात आहे. पत्रं मराठीत, आकडे देवनागरीत. वरिष्ठांना 'आपण', सहकाऱ्यांना 'तुम्ही'. माहिती कमी असेल तर आधी विचार. खात्री नसेल तिथे कंस करून 'तपासा' असं लिही." शिवाय ज्या सूचनांवर काम चांगलं झालं त्या एका साध्या वर्ड फाइलमध्ये जमवत जा, म्हणजे असिस्टंट बदलला तरी हाताशी राहतात आणि शेजारच्या सहकाऱ्यालाही देता येतात.

या कायमच्या सूचना अधूनमधून उघडून वाचा. विभाग बदलला, पत्रांची पद्धत बदलली, तरी जुनी ओळ तिथे तशीच राहते आणि असिस्टंट काहीही न बोलता तीच पाळत राहतो.